नोंदणी झाली, पण मालकी मिळाली का? घर-जमिनीच्या व्यवहारात स्वतःचा वकील कशासाठी लागतो

२०२५ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयाने दस्तनोंदणीविषयी दोन निकाल दिले आणि त्या दोन्ही बातम्या वाचून सामान्य वाचक बुचकळ्यात पडला असेल, तर त्यात नवल नाही. एप्रिलमध्ये न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द केला; विकणाऱ्याने आपल्या मालकीचा पुरावा दाखवला नाही तर दस्त नोंदवण्यास नकार देण्याचा अधिकार त्या नियमाने नोंदणी अधिकाऱ्याला दिला होता. नोव्हेंबरमध्ये बिहारचा तशाच धाटणीचा नियम गेला; तेथे विकणाऱ्याच्या नावे महसुली नोंद झाल्याचा पुरावा दस्तासोबत मागितला जात होता. दोन्ही निकालांचा मथितार्थ असा, की दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने दस्त नोंदवावा, मालकी कोणाची हे ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही, आणि नोंदणी झाली एवढ्यावरून मालकी सिद्धही होत नाही.

आयुष्यभराची पुंजी घालून, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सहा-सात टक्क्यांच्या घरात मुद्रांक शुल्क भरून, अंगठा आणि फोटो देऊन ज्याने खरेदीखत घरी आणले आहे, त्याला हे वाचून धक्का बसणे साहजिक आहे. सरकारी शिक्क्याच्या कागदाने मालकी सिद्ध होत नसेल, तर ती कशाने होते आणि तपासायची कोणी? कायद्याच्या दृष्टीने ही तपासणी खरेदीदाराने स्वतः करायची असते, आणि ती त्याला जमण्यासारखी नसल्यामुळे त्याच्या वतीने वकिलाने करायची असते. हे विवेचन महाराष्ट्रातील व्यवहारांपुरते आहे; जमिनीचे कायदे राज्यागणिक बदलतात.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेमके काय होते

रेल्वे स्थानकावरचे सामानघर आठवावे. तुम्ही बॅग देता, कर्मचारी तुमचे ओळखपत्र पाहतो, पैसे घेतो, वहीत नोंद करतो आणि पावती देतो. बॅग तुमची स्वतःची आहे की शेजारच्या प्रवाशाची उचलून आणली, हे तो विचारत नाही. विचारले तरी शहानिशा करण्याचे साधन त्याच्याकडे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याखालचे दुय्यम निबंधक कार्यालय बरेचसे याच पद्धतीने चालते. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत आला आहे का, शुल्क पुरेसे आहे का, समोर उभा असलेला माणूस कागदावर ज्याचे नाव आहे तोच आहे का आणि सही आपली असल्याचे तो कबूल करतो का, एवढे पाहून दस्त नोंदवला जातो. दस्तातल्या ‘लिहून देणार’ याची ती मिळकत खरोखर आहे का, हा प्रश्न तेथे सुटत नाही.

मात्र सामानघराची वही कोणालाही चाळता येत नाही, नोंदणी कार्यालयाची येते, आणि सगळी मेख येथेच आहे. स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची कोणीही शुल्क भरून पाहू शकतो. ती सर्वांना खुली असल्यामुळे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पुढचे पाऊल टाकले आहे: जो दस्त रीतसर नोंदलेला आहे तो तुम्हाला माहीत होता, असेच कायदा धरून चालतो. आधीच्या मालकाने दहा वर्षांपूर्वी ही जागा गहाण ठेवून ते गहाणखत नोंदवले असेल, तर ‘मला कोणी सांगितले नाही’ ही सबब चालत नाही. इतकेच काय, जागेवर प्रत्यक्ष कोणी राहत असेल तर त्याचे जे काही हक्क असतील तेही तुम्हाला ठाऊक होते असे मानले जाते. म्हणून कागद कितीही चोख असले तरी जागेवर जाऊन कोण राहते आणि कोणत्या नात्याने राहते, हे विचारलेच पाहिजे.

इंग्लंडमध्ये १८६२ पासून सरकारी जमीन नोंदणी कार्यालय आहे. तेथे मालकीचीच नोंद सरकार ठेवते आणि नोंदीतल्या चुकीने नुकसान झाल्यास भरपाईची तरतूदही आहे. तिथल्या सॉलिसिटरच्या, म्हणजे असे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाच्या, कामाचा मोठा भाग ती नोंद वाचण्याचा असतो. आपल्याकडे सरकार दस्ताची नोंद ठेवते. त्या दस्तांतून मालकी कोणाची हा निष्कर्ष आपला आपण काढायचा असतो. (सॉलिसिटर हा शब्द मुंबईत आजही प्रतिष्ठेने वापरला जातो आणि त्यासाठीची वेगळी परीक्षाही आहे, पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली सनद असलेला कोणताही वकील हे काम करू शकतो. पाटीवरच्या शब्दापेक्षा त्या माणसाने अशी किती कामे हाताळली आहेत हे पाहावे.)

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार

मालकीचा मूळ नियम या एका म्हणीत सामावला आहे. विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे तितकाच तो देऊ शकतो. त्याच्याकडे निम्मा असेल तर खरेदीखतात ‘संपूर्ण मिळकत’ असे ठळक अक्षरांत छापूनही तुमच्याकडे निम्माच येतो. तोच प्रश्न मग त्याला विकणाऱ्याविषयी आणि त्याच्याही आधीच्या मालकाविषयी विचारावा लागतो. या साखळीला वकिलांच्या भाषेत टायटल म्हणतात, तिची तपासणी म्हणजे सर्च आणि तपासणीअंती लेखी दिलेले मत म्हणजे शोध अहवाल.

ही साखळी प्रघाताने तीस वर्षे मागे नेली जाते. हा आकडा हवेतून आलेला नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे, सरकारला आपल्या दाव्यासाठीही तीस वर्षे मिळतात आणि योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षे जुना दस्त असेल तर त्यावरच्या सह्या खऱ्या असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. तरीही तीस वर्षांची सीमा हा प्रघात आहे, कायद्याची लक्ष्मणरेषा नव्हे. तिसाव्या वर्षी साखळीच्या मुळाशी एखादे कच्चे वाटपपत्र सापडले, तर चांगला वकील तेथे थांबत नाही.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी चालते, याचे एक कल्पित पण अगदी नेहमीच्या धर्तीचे उदाहरण पाहू. शहराच्या वेशीवरच्या एका जमिनीवर इमारत उभी राहिली आहे आणि तुम्ही तिच्यात सदनिका घेत आहात. वकील सातबारा काढतो. त्यावर विकासकाचे नाव आहे. नावाशेजारी फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या महसुली नोंदीचा, क्रमांक आहे. तो फेरफार काढला तर कळते, की २०१६ साली विकासकाने ही जमीन दोन भावांकडून विकत घेतली. भावांच्या नावाचा फेरफार १९९८ चा आहे आणि त्यात लिहिले आहे: खातेदार मयत, वारस दोन मुलगे, नोंद प्रमाणित. घाईत वाचणाऱ्याला येथे काहीच खटकत नाही. मुरलेला वकील मात्र विचारतो, की मयताला मुलगी नव्हती का? पत्नी हयात होती का? तो वारसाचा दाखला, कुटुंबाची वंशावळ, जुनी शिधापत्रिका मागतो, आणि मग उलगडते की एक बहीण आहे, तिचे लग्न १९८० च्या दशकात झाले आणि ‘तिला काही नको होते’ म्हणून वर्दी देतानाच तिचे नाव घातले नाही.

येथे दोष किती खोल आहे, ते लक्षात घ्यावे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याची मुलगी, विवाहित असली तरी, पहिल्या वर्गाची वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने तिला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले. सातबाऱ्यावर नाव नसल्याने तिचा हिस्सा बुडत नाही. ती नोंद महसुलासाठी असते, दिवाणी न्यायालय मालकी ठरवताना तिला अखेरचा शब्द मानत नाही. ‘इतकी वर्षे गेली, आता काय दावा करणार’ असे म्हणणेही धोक्याचे आहे, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा कायद्याने सर्वांच्या वतीने असल्याचे मानले जाते, म्हणून बारा वर्षांच्या ताब्याने मालकी मिळण्याचे गणित भावाबहिणीत सहजासहजी लागू पडत नाही. उपाय साधा आहे, पण तो व्यवहारापूर्वीच करायचा असतो: बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे किंवा खरेदीखतावर संमती देणार म्हणून सही करावी. तिने तोंडी दिलेला शब्द पुरत नाही. एका चुकीच्या फेरफारामुळे पुढे शेकडो सदनिकाधारकांच्या डोक्यावर टांगती तलवार राहू शकते, आणि तो फेरफार वाचायला लागली असती दहा मिनिटे.

शोध अहवालातल्या न दिसणाऱ्या ओळी

शोध अहवालाच्या शेवटी बहुधा ‘मालकी हक्क निर्वेध, बोजारहित व विक्रीयोग्य आहे’ असे वाक्य असते आणि लोक तेवढेच वाचतात. माझ्या मते वाचायची गोष्ट त्याआधी असते. वर्षवार तक्त्यात काही वर्षांसमोर ‘पाने फाटलेली’, ‘सूची उपलब्ध नाही’, ‘पुस्तक बांधणीसाठी’ असे शेरे आढळतात. याचा अर्थ त्या वर्षांत काय घडले हे कोणी पाहिलेले नाही. तरीही खालचे वाक्य निर्वेधच म्हणते. दुसरा शब्द ‘अधीन’. ‘अमुक दाव्याच्या निकालास अधीन राहून’, ‘मूळ कागदपत्रे पाहण्यास अधीन राहून’ असे लिहिले असेल, तर मत अजून पूर्ण झालेले नाही असे समजावे आणि ती अट कोण, कधी पुरी करणार हे वकिलाला विचारावे.

शिवाय वहीत न उतरणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. कुटुंबात तोंडी वाटणी झालेली असू शकते. मुस्लिम कायद्यानुसार ताबा देऊन केलेले तोंडी दान, म्हणजे हिबा, नोंदणीवाचून वैध असते. मूळ दस्त बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची सूचना नोंदवण्याची तरतूद महाराष्ट्रात आता आहे, पण ती नसतानाचे जुने कर्ज सूचीत दिसेलच असे नाही. म्हणून मूळ दस्त प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरायचा. झेरॉक्सवर भागवणारा विकणारा दिसला, की मूळ प्रत कोणाच्या तिजोरीत आहे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वर्तमानपत्रात जी जाहीर नोटीस छापली जाते, ती या न दिसणाऱ्या हक्कदारांना साद घालण्यासाठी असते. नोटिशीला हरकत आली नाही म्हणून गप्प राहिलेल्या हक्कदाराचा हक्क संपत नाही; पण तुम्ही वाजवी काळजी घेतली होती, हे पुढे दाखवायला ती उपयोगी पडते.

शेतजमिनीच्या बाबतीत आणखी एक थर असतो. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेल्या, जमिनींना आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीला पूर्वपरवानगी लागते, कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर विक्रीचे निर्बंध असतात. सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात याचे बरेच धागेदोरे सापडतात. दुर्दैवाने खरेदीदाराची नजर मालकाच्या नावावर आणि क्षेत्रफळावरच खिळलेली असते.

विसार आधी की वकील आधी

बहुतेक लोक वकिलाकडे विसार देऊन झाल्यावर जातात आणि त्याला ‘कागद करून द्या’ असे सांगतात. हा क्रम उलटा आहे. विसार पावतीच्या दोन ओळींत किंमत, मुदत आणि रक्कम जप्त होण्याची अट आलेली असते, पण मालकी सदोष निघाली तर पैसे परत मिळतील ही अट आलेली नसते. मग दोष सापडला तरी वकिलाच्या हाती वाटाघाटीचे काही उरत नाही. जागा हातची जाईल या भीतीने काही रक्कम द्यावीच लागत असेल, तर ती लहान असावी, धनादेशाने द्यावी आणि पावतीवर ‘माझ्या वकिलाने मालकी हक्क निर्वेध असल्याचे लेखी कळवण्याच्या अटीवर, अन्यथा संपूर्ण रक्कम परत’ एवढे तरी लिहून घ्यावे. प्रामाणिक विकणाऱ्याला या वाक्याची अडचण नसते.

त्यानंतर येते साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, आणि अखेरीस खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष विक्री. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. साठेखताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्ट सांगतो; त्याने मिळतो तो विक्री करून मागण्याचा अधिकार. म्हणून विकणाऱ्याने याआधी दुसऱ्या कोणाशी साठेखत केले होते का, हे शोधणेही वकिलाच्या कामात येते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तिहेरी मोट बांधून खरेदीखताला बगल देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली होती. तिने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच सांगितले आहे. कुलमुखत्यार सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र देणारा आज हयात आहे का, एवढा एक प्रश्न विचारल्यानेही अनेक फसवणुकी उघड्या पडतात.

‘पण बँकेने कर्ज मंजूर केले आहे’

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि वरवर पाहता बिनतोडही वाटतो. बँक आपल्या वकिलाकडून कागद तपासून घेते हे खरे. पण तो वकील बँकेचा आहे, त्याचे उत्तरदायित्व बँकेशी आहे आणि त्याच्यापुढचा प्रश्न बँकेची रक्कम सुरक्षित आहे का, एवढाच आहे. बँकेच्या हातात मालमत्तेखेरीज तुमचा पगार, तुमची सही आणि बहुधा सहकर्जदाराचीही सही असते. मालकी सदोष निघाली तरी हप्ता थांबत नाही. घर हातून गेले आणि हप्ते चालू राहिले, अशी अवस्था येऊ शकते. वाहनतळ नक्की कोणत्या हक्काने मिळतो, ताबा लांबल्यास व्याज किती, सोसायटीच्या आधीच्या थकबाकीचे काय, हे प्रश्न बँकेला पडण्याचे कारण नाही. बँकेचा शोध अहवाल मागून पाहण्यास काहीच हरकत नाही, पण तो आपल्यासाठी लिहिलेला नाही हे ध्यानात ठेवून वाचावा.

‘प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे, मग काय पाहायचे?’

स्थावर संपदा कायदा २०१६ चा आणि त्याखालच्या महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासूनचे. त्यांनी खरेदीदाराला पूर्वी नव्हते असे बळ दिले आहे. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि जमिनीच्या मालकीत दोष निघून नुकसान झाले, तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी राहत नाही. ही शेवटची तरतूद फारच मोलाची आहे. पण भरपाईचा हक्क आणि निर्धोक घर या निराळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळावरचा मालकीविषयक अहवाल विकासकाच्या वकिलाने दिलेला असतो. महारेराने मालकीची हमी घेतलेली नसते. तो अहवाल, मंजूर नकाशे, प्रकल्पावरील कर्जांचा आणि दाव्यांचा तपशील तेथे फुकट वाचायला मिळतो. तुमच्या वकिलाने तो वाचून, छापील करारनाम्यात आदर्श नमुन्यापेक्षा कोठे बदल केले आहेत तेवढे दाखवले, तरी त्याचे शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन.

जुन्या इमारतीतल्या घराचा प्रश्न निराळाच असतो. सोसायटीचे भागप्रमाणपत्र हातात असते, पण इमारतीखालची जमीन अजून विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यात विकासकाने टाळाटाळ केल्यास मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावे, करून घेण्याची सोय आहे. ते झाले आहे का, यावर पुढे पुनर्विकासाच्या वेळी तुमचे स्थान ठरते.

‘दोघांचा मिळून एकच वकील केला तर खर्च वाचेल’

वाचेल, आणि व्यवहार सरळ असेल तर काही बिघडणारही नाही. बिघडते ते मतभेद झाल्यावर. विकणाऱ्याला वाटते की सर्व जबाबदारी खरेदीच्या दिवशी संपावी. घेणाऱ्याला वाटते की उद्या कोणी हक्क सांगत आला तर विकणाऱ्याने भरपाई द्यावी. हे दोन्ही एकाच लेखणीने लिहिता येत नाही. एका पक्षाला ज्या प्रकरणात सल्ला दिला, त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभे राहू नये, असा वकिलांच्या आचारसंहितेचाही नियम आहे. त्यामुळे वाद उपटला की असा वकील बहुधा दोघांनाही उपयोगाचा राहत नाही. ‘कागदाचे सगळे मीच पाहतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाविषयी तर एवढेच, की त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते आणि काही व्यवहार होऊ नयेत हे सांगणे तर वकिलाच्या कामाचा गाभा आहे.

विकणाऱ्याला वकील कशाला?

विकणारा निर्धास्त असतो, कारण पैसे त्याला मिळायचे असतात. पण ते मिळायच्या आत मालकी गेली तर काय, याचा विचार त्याने केलेला नसतो. कायद्याने विक्री ही किंमत पूर्ण चुकवल्यावरच होते असे नाही. किंमत देण्याचे नुसते वचन असले तरी विक्री पूर्ण होऊ शकते. ‘सर्व रक्कम पावली’ असे लिहून, पुढील तारखांचे धनादेश घेऊन खरेदीखत नोंदवले आणि ते धनादेश वटले नाहीत, तर जागा परत मागता येत नाही. राहिलेल्या रकमेसाठी दावा करता येतो. गुजरातमधल्या अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हीच भूमिका घेतली. म्हणून डिमांड ड्राफ्टचा किंवा बँक हस्तांतरणाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम दस्तात यावी आणि शेवटची रक्कम नोंदणीच्या टेबलाशीच हाती पडावी, एवढे पाहणे विकणाऱ्याच्या वकिलाचे पहिले काम.

विकणाऱ्यावर कायद्याने सांगण्याचे कर्तव्यही आहे. मालकीतला किंवा मालमत्तेतला जो दोष त्याला ठाऊक आहे आणि साध्या काळजीने घेणाऱ्याला कळणार नाही, तो लपवता येत नाही. ज्याने आपल्या वकिलाला सुरुवातीलाच सगळे सांगितले, त्याचा दोष दस्तात नीट मांडला जातो आणि नंतर फसवणुकीचा आरोप टळतो. करांचे एक टोकही येथे सांभाळायचे असते: पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा असतो, आणि विकणारा अनिवासी असेल तर कापायची रक्कम बरीच मोठी होते. हे साठेखतातच लिहिलेले नसले, की ऐन नोंदणीच्या दिवशी हमखास वाद होतो.

आणि वकीलच चुकला तर?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वकिलांना फारसे आवडणारे नाही. शोध अहवाल हे मत असते, हमीपत्र नव्हे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नसल्याचा निर्णय दिला. त्यामुळे ग्राहक आयोगाचा तुलनेने स्वस्त मार्ग बंद आहे. उरतात ते निष्काळजीपणासाठी दिवाणी दावा आणि गैरवर्तन असेल तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार, म्हणजे दोन्ही लांब पल्ल्याचे रस्ते. आणखी एक बारकावा असा, की कामाच्या ओघात तुमच्या वकिलाला जे कळले, ते तुम्हालाही कळले असे कायदा मानतो. त्याने पाहिलेला बोजा तुम्हाला सांगितला नाही, तरी तुम्ही अनभिज्ञ ठरत नाही.

म्हणूनच निवड करताना थोडी चिकित्सा करावी. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, तेव्हा मोठ्या फलकांवरून काही ठरवता येत नाही; सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, हे पाहावे आणि त्याच तालुक्यातल्या जमिनींचे काम तो नेहमी करतो का, हे विचारावे. सूची तो स्वतः पाहतो की सर्च क्लार्क पाठवतो, हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. क्लार्क पाठवणे ही रूढ पद्धत आहे. फक्त त्याने आणलेल्या नोंदींमागचे दस्त वकिलाने स्वतः वाचले पाहिजेत. शुल्क टप्प्यांनी ठरवावे: शोध आणि अहवाल, मसुदा, नोंदणीच्या दिवशीची उपस्थिती. सूची पाहण्याचे शुल्क, जाहीर नोटिशीचा खर्च, प्रतिज्ञापत्रांचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, तेही लिहून घ्यावे. व्यवहार मोडला तर पहिल्या टप्प्याचे पैसे द्यावे लागणारच, आणि ते आनंदाने द्यावेत.

नोंदणीच्या दिवसानंतर

दस्त स्कॅन होऊन हाती आला, की घरात पेढे येतात आणि कामाचा शेवटचा भाग राहून जातो. सूची क्रमांक दोनचा उतारा काढून त्यात गट किंवा सदनिका क्रमांक, क्षेत्र आणि नावे दस्ताप्रमाणे उतरली आहेत का, हे त्याच आठवड्यात ताडून पाहावे. चूक असेल तर चूकदुरुस्तीचा दस्त करायला विकणाऱ्याची सही लागते आणि आज तो भेटतो तसा पाच वर्षांनी भेटेलच असे नाही. जमीन असेल तर फेरफार, शहरी मिळकत असेल तर मिळकत पत्रिकेवरची नोंद, सोसायटीत भागप्रमाणपत्रावरची नोंद, मालमत्ता कर आणि वीजमीटर ही नावे बदलून घ्यावीत. विकणाऱ्याकडून जुन्या दस्तांच्या मूळ प्रतींची यादी करून त्या सहीनिशी ताब्यात घ्याव्यात, आणि वकिलाकडून शोध अहवालाबरोबरच तो ज्यांवर आधारला आहे त्या उताऱ्यांची पूर्ण फाईल मागून घ्यावी, कारण तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा वकील नेमके तेच कागद मागणार आहे.